साडेसतरा ते एकवीस : सैन्यभरतीच्या वयाचा मागोवा

सैन्यभरतीच्या वयाला दोन टोके असतात. खालची अट कोवळ्या मुलाला रणांगणापासून दूर ठेवते आणि वरची अट दलाला तरुण ठेवते. गेल्या ऐंशी वर्षांत या दोन टोकांमधले अंतर अनेकदा बदलले, आणि प्रत्येक बदलाने कोणाला तरी आत घेतले, तर कोणाला तरी बाहेर ठेवले.

  

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पूर्णपणे स्वेच्छेने भरती झालेल्यांचे होते. रायगडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, तेव्हा ते मराठा पलटणीत नाईक होते आणि त्यांचे वय होते २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कारवारकडचे रामा राघोबा राणे १० जुलै १९४० रोजी बॉम्बे इंजिनिअर्समध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांनी नुकतीच २२ वर्षे पूर्ण केली होती. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले.

स्वातंत्र्यानंतर अधिकाऱ्यांसाठी वाट लवकर सुरू होऊ लागली. १९५५ मध्ये खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. तिथे साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या उमेदवाराला प्रवेश मिळतो आणि पुढची काही वर्षे प्रशिक्षणात जातात. लढाईच्या जागी जाण्याचे वय मात्र वेगळे आहे. सशस्त्र संघर्षात मुलांना गुंतवण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २००५ मध्ये मान्यता दिली, तेव्हा भरतीचे किमान वय १६ असले तरी १८ पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही लढाईच्या क्षेत्रात पाठवले जात नाही, असे भारताने जाहीर केले.

शिपायाची अट २०२२ पर्यंत पदानुसार वेगळी होती. जनरल ड्यूटीसाठी साडेसतरा ते २१, तर तांत्रिक व लिपिक पदांसाठी २३ पर्यंत वय चाले. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि सर्व पदांसाठी साडेसतरा ते २१ अशी एकच मर्यादा आली. सैन्याचे सरासरी वय चार-पाच वर्षांनी कमी करणे हा तिचा एक उद्देश होता. पण कोरोनाकाळात दोन वर्षे भरती थांबलेली होती. मैदानात धावत थांबलेल्या मुलांचे वय त्या काळात थांबले नव्हते. त्यामुळे दोनच दिवसांत त्या वर्षापुरती वरची मर्यादा २३ करण्यात आली. राणे यांच्या वयाचा उमेदवार २१ च्या अटीत बसला नसता. वरची अट दलाच्या गरजेचे माप आहे, उमेदवाराच्या धैर्याचे नव्हे.

वय मोजले जाते ते ठरलेल्या एका तारखेला. २०२५-२६ च्या भरतीसाठी १ ऑक्टोबर २००४ ते १ एप्रिल २००८ या काळातला जन्म लागत होता. आधार आहे दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारखेचा, म्हणून शाळेच्या दाखल्यात झालेली चूक वेळीच दुरुस्त करून घ्यावी लागते. उमेदवार १८ वर्षांखालचा असेल, तर नावनोंदणीच्या अर्जावर पालकांची सही लागते.

हीच वयोमर्यादा आता मुलींनाही लागू आहे. २०१९ पासून लष्करी पोलीस दलात मुलींची शिपाई म्हणून भरती सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खडकवासल्याची दारे त्यांना उघडली आणि ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.