रोटेटर कफ फाटतो तेव्हा

खांद्याइतकी मोकळी हालचाल शरीरातील दुसऱ्या कोणत्याही सांध्याला जमत नाही आणि या मोकळिकीची किंमत त्या सांध्याने स्थैर्य गमावून मोजलेली आहे. दंडाच्या हाडाचा मोठा, वाटोळा माथा खवाट्यावरील उथळ वाटीत नुसता टेकलेला असतो; त्याला तेथे धरून ठेवण्याचे काम मुख्यतः सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू करतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे चिवट पांढरे पट्टे, माथ्याभोवती एकत्र येऊन जे वेष्टन तयार करतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. खांद्याला बाहेरून गोलाई देणारा डेल्टॉइड स्नायू दंडाला वर खेचतो, त्याच वेळी कफ माथा वाटीत दाबून धरतो. हा दाब नाहीसा झाला की हात उचलला जाण्याऐवजी माथाच वर सरकतो.

कफ नेहमी अपघातानेच फाटतो असे नाही. वयाबरोबर कंडरा झिजत जातात आणि साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या कफला त्यांच्या नकळत छिद्र पडलेले असते, त्यामुळे एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’ हा शब्द दिसताच शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची घाई अनाठायी होय. सुमारे ५ सेंटिमीटरहून रुंद किंवा दोन अथवा अधिक कंडरा पूर्ण तुटलेली फाट मोठी मानली जाते. तिच्यातही डेल्टॉइड बळकट करणाऱ्या व्यायामाने काहींचे बऱ्यापैकी निभावते. मात्र ज्यांना रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, वेणी घालता येत नाही किंवा फडताळातला डबा काढता येत नाही, त्यांच्याबाबतीत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

तुटलेली कंडरा हाडाला पुन्हा शिवण्याचा मार्ग जुना आहे. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट अमरी कॉडमन यांनी अशा दुरुस्तीचा वृत्तांत १९११ मध्ये प्रसिद्ध केला होता. आज ती बहुधा दुर्बिणीतून, हाडात रोवलेल्या बारीक अँकरना टाके बांधून केली जाते. तथापि खरा प्रश्न फाट किती मोठी आहे यापेक्षा तिच्यामागचा स्नायू अजून स्नायू उरला आहे काय, हा असतो. कंडरा तुटली की स्नायू आखडतो, वाळतो आणि त्याच्या तंतूंमध्ये चरबी साठू लागते. या बदलाच्या पायऱ्या फ्रान्सचे गुटालिए यांनी १९९४ मध्ये ठरवून दिल्या. स्नायूइतकीच किंवा त्याहून जास्त चरबी दिसू लागली, तर शिवण टिकण्याची आशा फार धरता येत नाही, कारण जीर्ण कापडाप्रमाणे टाका धरतो पण भोवतालचे धागे निसटतात. गंमत अशी की, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत मोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवलेल्या १८ खांद्यांपैकी १७ मध्ये शिवण पुन्हा उसवलेली आढळली, तरीही बहुतेक रुग्णांच्या वेदना कमी झाल्या होत्या. म्हणूनच पूर्ण शिवता न येणारा कफ पुढून आणि मागून जमेल तितका बांधून घेण्याची अर्धवट दुरुस्ती काही शल्यविशारद आजही करतात.

शिवणे अशक्य असेल आणि रुग्ण तुलनेने तरुण असेल, तर दुसऱ्या स्नायूला कामाला लावता येते. डॉक्टर हात बाहेरच्या बाजूला फिरवून सोडतात आणि तो तसा न राहता पोटाकडे घसरतो, तेव्हा मागचा कफ निकामी झाल्याचे कळते. अशा वेळी पाठीतील रुंद लॅटिसिमस डॉर्साय स्नायूची कंडरा सोडवून ती दंडाच्या माथ्यावर नेऊन बसवण्याची पद्धत स्वित्झर्लंडच्या ख्रिस्तियान गेर्बर यांनी १९८८ मध्ये मांडली. तिच्यासाठी पुढचा सबस्कॅप्युलॅरिस शाबूत असावा लागतो. जपानचे तेरुहिसा मिहाता मांडीवरील चिवट पडद्याचा तुकडा वाटीची वरची कड आणि दंडाचा माथा यांच्यामध्ये ताणून बसवतात, जेणेकरून माथा वर सरकू नये. माथ्यावर विरघळणारा, खाऱ्या पाण्याने भरलेला फुगा ठेवण्याच्या सोप्या उपायाचाही मध्यंतरी बराच बोलबाला झाला. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत फुग्याविना केवळ सफाई केलेल्या रुग्णांचीच प्रगती अधिक चांगली दिसली.

उतारवयात, विशेषतः सांधाही झिजलेला असेल तेव्हा, सर्वांत भरवशाचा पर्याय रिव्हर्स सांधारोपणाचा आहे. फ्रान्समधील दिजाँचे पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास ज्या रचनेचा पाया घातला, तिच्यात गोळा खवाट्यावर आणि वाटी दंडावर बसवली जाते. अशा अदलाबदलीमुळे फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली जातो, डेल्टॉइडला लांब तरफ मिळते आणि कफ नसतानाही हात डोक्यापर्यंत पोहोचतो. डेल्टॉइड आणि त्याची नस धड नसेल तर मात्र हा सांधा निरुपयोगी ठरतो. शिवाय तो निखळणे, जंतुसंसर्ग होणे किंवा खांद्याच्या टोकाचे हाड ताणाने मोडणे हे धोके असतात आणि टेरीस मायनर गेलेला असल्यास हात वर जाऊनही बाहेर वळत नाही.

शिवलेल्या कंडरेला हाडाशी सांधण्यास वेळ लागतो, त्यामुळे साधारण सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो, वजन उचलण्याचे व्यायाम तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होतात आणि पुरेशी ताकद येईपर्यंत बहुधा सहा महिने ते वर्ष जाते; रिव्हर्स सांध्यात कंडरा जुळण्याची वाट पाहायची नसल्याने रुग्ण रोजच्या कामांना त्यामानाने लवकर लागतो.