दार मिटते तेव्हा सुतार कळतो

दिवाळी जवळ आली, की घरातल्या वस्तूंना वाचा फुटते. भिंत रंग मागते, पलंग पॉलिश मागतो, स्वयंपाकघरातले कपाट तर उघडताना चक्क ओरडते. मग घरात एकमताने ठराव होतो, “यंदा सुतार लावायचाच!” ठराव करायला पाच मिनिटे पुरतात, चुकीचा सुतार लावून पस्तावायला मात्र वर्षे लागतात. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

आमचे घर भिवंडीत, जुन्या वस्तीत. काही वर्षांपूर्वी आम्ही आतली दारे आणि स्वयंपाकघराची कपाटे नवी करायचे ठरवले. तीन सुतार येऊन गेले. दोघांनी मापे घेतली, तिसऱ्याने दारात उभ्याउभ्याच आकडा सांगितला. त्याचा आकडा सर्वांत कमी होता. आई म्हणाली, “ज्यानं फूटपट्टी काढली नाही, त्याला काय कळलं रे काम?” पण कमी आकडा माणसाला बहिरा करतो. चैत्रात काम सुरू झाले आणि पंधरा दिवसांत संपलेही. दारे आरशासारखी चमकत होती. सगळे पैसे आम्ही हातावर ठेवले.

मृगाचा पाऊस पडला आणि निजायच्या खोलीचे दार मिटेना. फोन केला, तर सुतार ‘गावी’ गेलेला. दुसरा कोणी आणून दाराची कड तासून घेतली. श्रावणात मोरीखालच्या कपाटाची फळी पुरीसारखी फुगली. आणि मार्गशीर्षात तेच तासलेले दार आक्रसून असे बसले, की फटीतून बोट जावे!

शेवटी शेजाऱ्यांनी एका वयस्कर मिस्त्रींचे नाव सुचवले. आमचे गाव यंत्रमागांचे. या गृहस्थांचे तरुणपण मागांच्या लाकडी भागांची दुरुस्ती करण्यात गेलेले. मी सवयीने विचारले, “मिस्त्री, किती घ्याल?” ते म्हणाले, “भाऊ, आधी घर बघू द्या. पैशाचं मग बोलू.”

त्यांनी दाराकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ दाराच्या वरच्या कडेवरून हात फिरवला. हात खरखरीत धुळीने भरला. “बघा, समोरून पॉलिश, वरून कोरं लाकूड. वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी रंगवत नाही. पाणी तिथूनच शिरतं. लाकूड तोडलं, तासलं, तरी ते हवेतलं पाणी प्यायचं सोडत नाही.”

मग त्यांनी आमची शिकवणीच घेतली. लाकूड पावसाळ्यात फुगते ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून भरीव लाकडाचे दार उन्हाळ्यात बसवताना चौकटीत पावसाळ्यासाठी जागा सोडावी लागते, आणि पावसाळ्यात फुगलेले दार घाईने फार तासू नये. प्लायवुडमध्ये पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते असे फुगत-आक्रसत नाही. पण थरांमधला डिंक साधा असेल, तर ओलाव्याने थर सुटतात. बाजारात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात ते कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालते. मोरीखाली मात्र ‘मरीन’ हवे. पत्र्यावर, म्हणजे तक्त्यावर, आय.एस. ७१० हा मानक क्रमांक आणि आय.एस.आय.ची खूण छापलेली असते. खुणेजवळचा परवाना क्रमांक ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल ॲपवर ताडून पाहता येतो. तक्ता कापण्यापूर्वी हे पाहावे. कापल्यावर खूण कुठल्या तुकड्यावर गेली ते देव जाणे.

हिशेबही अवघड नाही. वखारीत लाकूड घनफुटावर मिळते. १२ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ इंच जाड फळी म्हणजे बरोबर १ घनफूट. ७ फूट उंच आणि ३ फूट रुंद दाराच्या चौकटीला, उंबरा सोडून, १७ फूट लाकूड लागते. ते ५ इंच बाय अडीच इंचाचे असेल, तर जवळजवळ दीड घनफूट होते. बिलात अडीच दिसले, तर विचारायला हरकत नाही. प्लायचा मोठा तक्ता ८ फूट बाय ४ फुटांचा. कपाटाची झडप दोन फुटांहून किंचित कमी रुंद ठेवली, तर एका तक्त्यात दोन झडपा निघतात. अडीच फुटांची केली, तर एकच निघते आणि दीड फुटाची पट्टी उरते. म्हणून चित्र आधी कागदावर काढावे, मग वखारीत जावे.

कागदाचे आणखी एक काम आहे. माल कोणाचा, कोणत्या प्रतीचा, बिजागऱ्या कोणत्या, पॉलिश धरून की वेगळे, उरलेले तुकडे कोणाचे, पैसे किती हप्त्यांत, हे सारे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. यात अविश्वास नाही. उलट भांडणाची जागाच उरत नाही.

मिस्त्रींचे काम महिनाभर चालले. फळीच्या खालच्या बाजूलाही ते पॉलिशकागद घासत. मी म्हटले, “तिथे कोण बघणार?” ते हसले. “मागाच्या लाकडी धोट्यावर एवढीशी कूस राहिली, तर सूत तुटतं. तिथं डोळ्यानं बघून चालत नाही, बोटानं बघावं लागतं. तीच खोड राहिली.”

जुन्या खेड्यात सुतार बलुतेदार होता. वर्षाच्या धान्यावर तो नांगर-कुळव सांभाळी. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, तिचे गोडवे गायला नकोत. पण एक गोष्ट होती: आज केलेले काम उद्या मोडले, तर त्यालाच यावे लागे. शहरात पैसे दिले की नाते संपते, आणि हमीही संपते. आता १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तीत तरतूद आहे. अवजारे सरकार देईल, पण कारागिराचा मान घरमालकानेच द्यायचा असतो.

शेवटच्या हप्त्याच्या वेळी मी पुन्हा पाचशे रुपयांची घासाघीस केली. मिस्त्रींनी ती मुकाट्याने मान्य केली. आईने काही न बोलता आतून पाचशेची नोट आणून त्यांच्या हातावर ठेवली. मला कुठे पाहावे कळेना.

पुढच्या आषाढात, भर पावसात, दारावर थाप पडली. न बोलावता मिस्त्री आले होते. “एक पावसाळा बघायचा राहिला होता,” म्हणाले. प्रत्येक दार त्यांनी उघडून मिटले. एका ठिकाणी रंध्याचे दोन हात मारले, तासलेल्या कडेला पुन्हा पॉलिश लावले, चहा घेतला आणि गेले. पैशाचे नावही काढले नाही.

तेव्हा यंदा सुतार लावणार असाल, तर भाव जरूर विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा, “पाऊस पडल्यावर याल ना?” उत्तर देताना तो तुमच्याकडे पाहतो की दाराकडे, एवढे मात्र बघा. आमची दारे आता एका बोटाने मिटतात. यंदाच्या फराळाचा पहिला डबा कोणाच्या घरी जायचा, हे आईने केव्हाच ठरवून टाकले आहे.