गाईचा गुडघा कुठे असतो?

कुणालाही कागद-पेन्सिल देऊन गाय काढायला सांगा. एक आडवं धड, त्याखाली टेबलासारखे चार सरळ पाय, एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला शेपूट अशी गाय बहुतेक वेळा मिळते. नागपूरच्या सदरमध्ये राहणाऱ्याला गाय दिसत नाही असं तर नाही. मंगळवारी बाजाराच्या आसपास, गड्डीगोदामकडे जाताना, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्ल्यांत गाई, बकऱ्या, कुत्री रोज समोर येतात. तरी गाय चुकते, कारण ती आपल्याला येते असं आपण धरून चालतो आणि समोरच्या गाईकडे पाहतच नाही. शाळेत स्मरणचित्राच्या तयारीसाठी पाठ केलेली आकृती पुढे आयुष्यभर हातात राहते.

प्राण्यांचं रेखाटन सुधारण्यासाठी हात वळवावा लागतो, असं समजलं जातं. मला वाटतं, त्याआधी प्राण्याच्या शरीराबद्दलच्या आपल्या कल्पना तपासाव्या लागतात. कागदावरची चुकलेली रेघ बहुतेक वेळा डोक्यातल्या चुकीच्या समजुतीतून आलेली असते. रोजचा सराव या समजुती एकेक करून मोडतो, आणि तेवढ्यासाठी तो करण्यासारखा आहे.

“प्राण्यांचे मागचे गुडघे उलटे वाकतात”

हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज आहे. कुत्र्याच्या किंवा गाईच्या मागच्या पायात मध्यावर जो सांधा मागे टोक काढून दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा आहे. मागे आलेलं ते टोक म्हणजे टाच. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेला, कातडीची घडी पडते तिथे असतो आणि आपल्या गुडघ्यासारखाच पुढच्या बाजूला वाकतो. पुढच्या पायातही हाच घोळ होतो. ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो ते गाईचं मनगट आहे. तिचं कोपर छातीच्या खालच्या कडेला लागून असतं.

कुत्रा, मांजर, वाघ बोटांवर चालतात. गाय, म्हैस, बकरी त्याहून वर उचललेल्या. त्या दोन बोटांच्या नखांवर उभ्या असतात, आणि ती दोन नखं म्हणजेच दुभंगलेला खूर. घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर सगळा भार पेलतो. बगळ्याच्या काटकुळ्या पायात मागे वाकलेला दिसतो तो सांधाही घोटाच. त्याचा गुडघा पिसांत लपलेला असतो.

हे पाठ करायची गरज नाही. घरी जमिनीवर हाताची बोटं टेकवा, टाचा उचला, गुडघे थोडे वाकवा. आपल्याच अंगात गाईचा सांगाडा सापडतो. फरक उरतो तो लांबी-रुंदीचा: तिचा तळपाय लांबलचक, मांडी आखूड आणि धडात सामावलेली. एकदा हे ध्यानात आलं की कुत्रा, घोडा, हरीण, वाघ हे चार वेगळे धडे राहत नाहीत. एकाच रचनेची प्रमाणं तेवढी बदलत जातात.

खांद्याबद्दल एक गोष्ट चित्रकाराने जरूर जाणावी. आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना जी आडवी हाडं हाताला लागतात, ती गाय-घोड्याला नसतातच. त्यांचे पुढचे पाय धडाशी हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंनी बांधलेले असतात, आणि छाती त्या दोन पायांच्या मध्ये टांगल्यासारखी राहते. म्हणून चालताना खांद्याचं पातं मागे-पुढे, वर-खाली सरकतं. मांजर दबा धरून चालताना पाठीच्या रेघेवर जो उंचवटा येतो-जातो, तो हाच. पाठ एका सपाट रेघेत ओढली की ही हालचाल चित्रातून निघून जाते.

“चालताना पाय कसे पडतात ते तर दिसतंच”

दिसत नाही, आणि मोठमोठ्या चित्रकारांनाही दिसलेलं नाही. चार पायांचा प्राणी सावकाश चालतो तेव्हा पावलं साधारण या क्रमाने पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. गाय, कुत्रा, हत्ती यांत क्रम हाच असतो.

बुडापेस्टचे संशोधक गाबोर होर्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालत्या जनावरांची चित्रणं मोठ्या संख्येने तपासली. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की निसर्ग-संग्रहालयांमधल्या चालत्या प्राण्यांच्या सुमारे ४१ टक्के मांडण्यांत पायांची ठेवण चुकलेली होती. प्राण्यांच्या शरीररचनेच्या पुस्तकांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त निघालं. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी गुहाचित्रांपासून आजपर्यंतच्या चित्रं-शिल्पांकडे मोर्चा वळवला. १८८० च्या दशकापूर्वीच्या आधुनिक कलाकृतींत चुकीचं प्रमाण ८३.५ टक्के होतं. पाय आंधळेपणाने कसेही ठेवले असते तरी ते ७३.३ टक्के आलं असतं. आणि गुहांमधल्या आदिमानवाच्या चित्रांत? ४६.२ टक्के. ज्यांचं पोट जनावरांच्या हालचाली ओळखण्यावर अवलंबून होतं, त्यांनी ती जनावरं नीट पाहिली होती, हाच याचा सरळ अर्थ मला दिसतो.

धावत्या घोड्याची गोष्टही अशीच. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं. त्यात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, आणि सगळे घोडे हवेत. शेकडो चित्रांत घोडे असेच धावत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीची छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

या सगळ्याचा सदरच्या माणसाला उपयोग काय? हाकेच्या अंतरावर, सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला आहे. त्याच्या निसर्ग विभागात पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी आहेत. न हलणाऱ्या प्राण्याची प्रमाणं मोजायला याहून सोयीची जागा शहरात नाही. हात लांब करून पेन्सिल उभी धरावी आणि डोक्याची लांबी धडात किती वेळा बसते ते पाहावं. पायांची ठेवण मात्र कुठल्याही संग्रहालयात तशीच्या तशी उचलू नये. ती रस्त्यावरच्या जिवंत गाईवरून ताडून घ्यावी.

“हातातच कला लागते”

१९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला: बहुतेकांना समोर दिसतं ते का काढता येत नाही? हाताची हालचाल, काय काढायचं याचे निर्णय, आपल्याच चित्राकडे पाहण्यातली चूक आणि वस्तूकडे पाहण्यातली चूक अशी कारणं त्यांनी वेगवेगळी तपासली. सर्वांत मोठा वाटा वस्तूकडे पाहण्यातल्या चुकीचा निघाला. हाताचा दोष फार थोडा होता. जो हात रोज सही करतो आणि सुईत दोरा ओवतो, त्याला बैलाच्या वशिंडाची रेघ ओढणं अवघड नाही.

२००५ मध्ये कोहेन यांनी आणखी एक साधी गोष्ट मोजली. चांगलं काढणारे कागदावरून वस्तूकडे जास्त वेळा नजर नेतात. थोडं पाहायचं, थोडं काढायचं, पुन्हा पाहायचं. नवशिका एकदा पाहून खाली मान घालतो आणि बराच वेळ आठवणीतून रेघा ओढत राहतो. नजर वर-खाली करण्याची ही सवय कुणालाही लागू शकते, आणि माझ्या मते पहिल्या महिन्यात दुसरं काहीच साधलं नाही तरी एवढी लागली तर पुरे.

“दहा हजार तास घालवावे लागतात”

हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर केलेल्या अभ्यासातून आला आणि २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. मूळ अभ्यासात ती एका गटाची सरासरी होती, नियम नव्हता, आणि खुद्द एरिक्सन यांनी तसं स्पष्ट केलं होतं. त्यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या पद्धतीवर होता. एक उणीव निवडायची, तिच्यावरच काम करायचं आणि लगेच तपासायचं. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं फलदायी ठरतात, कारण रोज नव्याने आठवावं लागतं तेच टिकतं.

“वाघ-सिंह काढले तरच प्राणीचित्र”

नागपूरच्या आसपास पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, थोडं पुढे ताडोबा. त्यामुळे इथल्या मुलांना वाघाची ओढ असणारच. पण सफारीत वाघ क्षणभर दिसतो आणि त्याचं रेखाटन मोबाईलच्या पडद्यावरून होतं. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात निवांत बसून प्राणी पाहता येतात आणि तिथे जरूर जावं. मांजरासारखी उभी फट वाघाच्या डोळ्यांत काढली जाते, ती चूक तिथे सुधारते: वाघाची बाहुली गोल असते. रोजच्या सरावाला मात्र रोज भेटणारं जनावर लागतं.

जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. पुढे १८९१ मध्ये त्यांनी भारतातल्या माणसांवर आणि जनावरांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःची रेखाटनंही घातली. त्यात गाढवं, बकऱ्या, बैल, म्हशी यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. मुलगा रुडयार्डच्या शिवनीच्या जंगलातल्या कथांसाठीही त्यांनी चित्रं काढली. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून लिहीत, तसे रेखाटतही. दोघांच्याही नजरेला साधं जनावर साधं वाटलं नाही.

आणि ते नसतंच. म्हैस घ्या. तिची शिंगं काढताना बहुतेक जण मुऱ्हा म्हशीची घट्ट वळलेली शिंगं काढतात. आपल्या भागातल्या नागपुरी म्हशीची शिंगं लांब, चपटी, तलवारीसारखी मागे खांद्याकडे गेलेली असतात. पंढरपुरी म्हशीची त्याहूनही लांब. वर्धा-नागपूर पट्ट्यातली गवळाऊ गाय पांढरी, अंगाने हलकी, अरुंद लांबट चेहऱ्याची. वेगाने चालण्यासाठी जोपासलेली जात आहे ती. “गाय” या नावाची एकच आकृती हातात असेल तर हे सगळं कागदावर येणार कसं? या फरकांतच विदर्भाचं खरं प्राणीचित्र आहे असं मला मनापासून वाटतं.

“फोटो समोर असला की चूक होत नाही”

फोटो शत्रू नव्हे. मायब्रिजचे फोटो नसते तर घोडे अजूनही चुकीचेच धावत राहिले असते. पण मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत कुत्र्याचं नाक मोठं आणि मागचं धड लहान येतं. ते पाहून काढणारा ती विकृतीही इमानाने उतरवतो. फोटो तपासायला घ्यावा, रेखाटनाची सुरुवात जिवंत प्राण्यावरून करावी.

दुसऱ्याच्या नजरेवर विसंबलं की काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण गोव्याहून निघालं. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत गोव्यातून जहाजाने रवाना केला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. जर्मनीत बसलेल्या चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. आलेल्या वर्णनावरून आणि एका कच्च्या चित्रावरून त्याने लाकडी ठशावर गेंडा कोरला. अंगावर चिलखताची पानं, खांद्यावर एक जादा छोटं शिंग. काम अप्रतिम होतं, आणि युरोपातली पुस्तकं दोन शतकांहून जास्त काळ तोच गेंडा खरा मानून छापत राहिली. ड्यूररच्या हातात कसलीच उणीव नव्हती.

“प्राणी हलतो, मग काढायचा कसा?”

तो हलतो, पण पुन्हा त्याच पवित्र्यात येतो. चरणारी बकरी मान वर करते, मागे पाहते, परत खाली घालते. म्हणून एकाच पानावर तीन-चार रेखाटनं एकदम सुरू ठेवावीत. मान वर गेली की वरच्या मानेचं चित्र पुढे न्यायचं, खाली आली की खालच्या मानेचं. सगळी अर्धवट राहिली तरी हरकत नाही. सुरुवातीला झोपलेलं कुत्रं किंवा दाव्याला बांधलेली बकरी बरी.

प्रत्येक चित्र कण्याच्या एका रेघेने सुरू करावं: डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग बरगड्यांचा मोठा अंडाकार, पुठ्ठ्यांचा लहान, आणि त्यानंतर पाय. डोळे आणि केस शेवटी. खोडरबर घरी ठेवून बॉलपेनने काढलं तर चुकीची रेघ कागदावर राहते आणि तिच्याशेजारी बरोबर रेघ कुठे आली तेही दिसतं.

कुत्र्यांसमोर बसताना टक लावून पाहू नये. रोखलेली नजर त्यांना धमकी वाटते. थोडं तिरकं बसावं, पिलांच्या आईपासून दूर राहावं. मे महिन्यात नागपूरचं ऊन पाहता सकाळी सातच्या आत काम उरकावं. त्या वेळी जनावरंही सावलीत न दडता हिंडत असतात.

दिवसाच्या शेवटी, घरी, तोच प्राणी न पाहता आठवणीतून एकदा काढावा. जिथे हात अडतो, ती जागा सकाळी पाहिलीच नव्हती असं समजावं. तिथे लाल पेनने खूण करून तारीख टाकावी आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्यावर आधी तेवढाच भाग पाहावा: शेपटीचं मूळ, कानाची मुळाशी पडणारी घडी किंवा खुरांमधली फट.