कालचा सिकंदर, पुढचा पोरस

उजनीकाठच्या आमच्या गावांत वनमालाबाई म्हणजे ‘श्यामची आई’. त्याच १९४१च्या ‘सिकंदर’मध्ये रुखसाना होत्या, हे सांगितले की जुनी मंडळी चमकतात. ही रुखसाना पोरसाला राखी बांधून सिकंदराचा जीव मागून घेते. ग्रीक युद्धकथेत राखी! पण प्रेक्षक इथला होता.

दिग्दर्शक सोहराब मोदींनी सिकंदर पृथ्वीराज कपूरांना दिला, पोरस मात्र स्वतःकडे ठेवला. ही वाटणी मला फार बोलकी वाटते. इ.स.पू. ३२६मध्ये झेलमकाठी जिंकला सिकंदर. पडद्यावर मनात भरायचा होता पोरस, आणि तोही तलवारीपेक्षा आवाजाने. मोदी पारशी रंगभूमीवर घडलेले, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेले. पृथ्वीराजही नाटकातलेच. म्हणून दोघे समोरासमोर बोलू लागले की हत्ती-घोड्यांचा विसर पडतो.

१९६५च्या ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये सिकंदर झाले दारासिंग. तालमीत वाढलेल्या आमच्या भागाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही. जग जिंकणाऱ्याला आता पैलवानाचा देह हवा होता. हरूनही ताठ बोलणाऱ्या राजाला मात्र जुनाच आवाज लागला. चोवीस वर्षांपूर्वी ज्याला हरवले, त्या पोरसाचा मुकुट साठीला टेकलेल्या पृथ्वीराजांनी स्वतः घातला.