आधी ताईच्या हातात देऊन बघा

दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता वसमतला. मोबाइलची अ‍ॅप बनवतो तो. आमच्या बचत गटाच्या हिशोबासाठी हौसेने एक बनवून आणले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर हुबेहूब फोन दिसत होता आणि त्यात सगळे कसे झरझर चालले होते! मी म्हटले, "आता माझ्या फोनवर टाक बघू."

त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले, वायर जोडली. म्हणाला, "मावशी, आता तू डेव्हलपर झालीस!" पण अ‍ॅप काही उघडता उघडेना. फोन जुना, त्यात फोटोंनी भरलेला. अंगणात आलो तर उन्हात फिकी अक्षरे दिसेनात. शेजारच्या काकूंच्या फोनवर अक्षरे मोठी करून ठेवलेली, तर 'जमा करा'चे बटणच पडद्याबाहेर! मधेच रेंज गेली आणि भरलेली रक्कमही गेली.

भाचा वरमला. "संगणकातला फोन संगणकाच्या ताकदीवर पळतो गं. तो तापत नाही, त्याची रेंज आपोआप जात नाही."

मला अंगणवाडीच्या ताई आठवल्या. १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे फोन तापतात, अडकतात आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार. पुष्कळांना वाटले, बायकांना तंत्रज्ञान नको आहे. तसे नव्हते हो! बाळाचे वजन नोंदलेच गेले नाही, तर ते अशक्त आहे हे वरच्यांना कळणार कसे? जुलै २०२५ पासून तर घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहराही मोबाइलवर टिपावा लागतो. सेनगाव-औंढ्याच्या वाडीवस्तीवर तो टिपला जातो का, हे शहरातल्या खोलीत बसून कसे समजणार?

भाच्याने उरलेली दिवाळी ओसरीवर चार जुने फोन मांडून काढली. अक्षरे ठळक केली. रेंज नसली तरी नोंद आधी फोनमध्येच राहील, अशी सोय केली. भाऊबीजेला काकूंनी स्वतः पन्नास रुपये भरून पाहिले, तेव्हा कुठे तो हसला.

मैत्रिणींनो, नवे अ‍ॅप हातात आले की "मला मेलीला जमत नाही" असे लगेच म्हणू नका. आधी विचारा, "हे आमच्यासारखीच्या फोनवर तपासले का?"