एम. बी. ए.चा प्रवेश आणि वाडीचा सात-बारा

दिवाळी आली की आपल्याकडे पाहुणे येतात आणि फराळाच्या ताटासमोर बसून घरातल्या मुलामुलींच्या भवितव्याचा निकाल लावून जातात. पूर्वी या बैठकीत ‘डॉक्टर की इंजिनियर?’ एवढाच प्रश्न असे. हल्ली मुलगा बी. कॉम., बी. एस्सी. किंवा इंजिनियर झाला, की कोणी तरी विचारतेच, “मग आता एम. बी. ए. ना?” अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या किनारपट्टीवरच्या घरांत या प्रश्नाला आणखी एक शेपूट असते. ते मोठ्याने कोणी बोलत नाही, पण आई-वडिलांच्या मनात घोळत असते : “...आणि पैशांसाठी वाडी विकायची का?”

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. मुंबई जवळ आली, तसे गिऱ्हाईकही दाराशी आले. आजोबांनी लावलेल्या नारळी-पोफळींच्या चार गुंठ्यांचा भाव विचारायला आता मोटारी येऊन थांबतात. अशा वेळी मुलाच्या शिक्षणाचे कारण निघाले, की ‘नाही’ म्हणणे आई-बापांच्या जिवावर येते. परंतु वाडी एकदाच विकता येते. प्रवेशपरीक्षा मात्र दर वर्षी देता येते. तेव्हा सही करण्यापूर्वी या शिक्षणाचा नीट विचार करू.

हे शिक्षण आले कोठून?

व्यवसाय हा घराण्यात शिकायचा, ही आपली जुनी समजूत. अमेरिकेत तो विद्यापीठात शिकवायला सुरुवात झाली ती १८८१ साली, व्हॉर्टन येथे. १९०८ मध्ये हार्वर्डने एम. बी. ए. ही पदवी सुरू केली. आपल्या देशात १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट’ स्थापन झाल्या. आज ज्यांना आपण ‘आय. आय. एम.’ म्हणतो, त्यांतल्या या पहिल्या दोन. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची.

रायगडच्या माणसाला या विषयाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. चिंतामणराव देशमुख हे याच जिल्ह्याचे. जन्म १८९६, महाडजवळ नाते येथे. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. पुढे हैदराबादच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज’ची धुराही त्यांनी अनेक वर्षे वाहिली. उद्योगांतील आणि सरकारातील अधिकाऱ्यांना व्यवस्थापनाचे धडे देणारी ही संस्था. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी बँकेचा कारभार पाहू शकतो, तर ‘माझी बी. एस्सी. झाली, मला हे कसे जमेल?’ असे म्हणण्यात अर्थ नाही. एम. बी. ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

आधी काम, मग कॉलेज

बहुतेक घरांत चुकते ते येथे. ‘कोणत्या कॉलेजात मिळेल?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘कशासाठी?’ हा मागे राहतो. एम. बी. ए. हे एक काम नव्हे. पैशाचा व्यवहार, मालाची विक्री, मालाची ने-आण व उत्पादन, माणसांची नेमणूक, अशी त्याची निरनिराळी अंगे आहेत. ज्याला चार माणसांशी बोलायला आवडत नाही त्याने विक्रीच्या वाटेला जाऊ नये, आणि आकड्यांचा कंटाळा असलेल्याने बँकेचे स्वप्न पाहू नये.

आपल्या मुलाने कोठे काम करावे, हे पाहायला फार लांब जायला नको. उरण तालुक्यातले न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे. त्याच्याभोवती गोदामे, वाहतूक आणि आयात-निर्यातीचे मोठे जग उभे राहिले. थळला खताचा कारखाना आहे, डोलवीला पोलादाचा आहे. किनाऱ्यावर घरोघर पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या आहेत. बंदराच्या कामाची आवड असेल, तर मालाच्या साखळीचे शिक्षण जेथे चांगले मिळते ती संस्था शोधावी. पवईची ‘नीटी’ ही १९६३ सालची संस्था त्यासाठीच नावाजलेली. २०२३ पासून ती ‘आय. आय. एम. मुंबई’ झाली. घरचा पर्यटनाचा धंदा वाढवायचा असेल, तर वीस-पंचवीस लाख खर्चून परदेशी कंपनीची नोकरी मिळवून देणाऱ्या शिक्षणाची गरज आहे काय, याचा विचार करावा.

पदवी मिळताच लगेच पुढे शिकायलाच हवे, असेही नाही. चांगल्या संस्थांत नोकरी करून आलेले विद्यार्थी पुष्कळ असतात आणि निवडीत त्या अनुभवाला किंमत असते. पहिल्या वर्षी गुण कमी पडले, तर कोणत्या तरी दुय्यम कॉलेजात मोठी फी भरण्यापेक्षा दोन वर्षे नोकरी करून पुन्हा परीक्षा देणे हे शहाणपणाचे.

पाटीमागे काय आहे?

जाहिरातीत सगळीच कॉलेजे ‘अग्रगण्य’ असतात. तेव्हा पालकांनी तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात.

पहिली, मान्यता. विद्यापीठाशी संलग्न कॉलेज एम. बी. ए. किंवा मुंबई विद्यापीठाची एम. एम. एस. ही पदवी देते. स्वायत्त संस्था पी. जी. डी. एम. हा डिप्लोमा देतात. डिप्लोमा म्हणून तो हलका ठरत नाही. २०१७ चा कायदा होईपर्यंत आय. आय. एम.सुद्धा डिप्लोमाच देत असत. मात्र ‘ए. आय. सी. टी. ई.’च्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे ना, हे पाहावे. घरबसल्या करायचा अभ्यासक्रम असेल, तर त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मंजुरी हवी.

दुसरी गोष्ट, नोकऱ्यांचे आकडे. कॉलेज सांगते, ‘आमच्या विद्यार्थ्याला ४८ लाख पगार मिळाला!’ समजा, पाच विद्यार्थ्यांना अनुक्रमे ४, ५, ६, ७ आणि ४८ लाख मिळाले. सरासरी निघते १४ लाख. पण पाचांपैकी चौघांना त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी मिळाले! म्हणून सरासरी विचारू नका, सर्वांत मोठा आकडा तर मुळीच विचारू नका. ओळीत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. येथे तो ६ लाख आहे. केंद्र सरकारच्या ‘एन. आय. आर. एफ.’ या क्रमवारीसाठी संस्थांना हा मधला पगार आणि नोकरी लागलेल्यांची संख्या कळवावी लागते, आणि ती माहिती कोणालाही पाहता येते. पाहुण्यांच्या सांगण्यापेक्षा तिच्यावर विसंबावे.

तिसरी, मागच्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी. त्यांच्यापैकी दोघांना गाठून विचारावे, ‘शिकवायला कोण येते? नोकरी कॉलेजने दिली की तुम्ही शोधली?’ दहा माहितीपत्रकांत सापडणार नाही ते या दोन उत्तरांत सापडते.

आता वाडीचा हिशेब

आय. आय. एम. अहमदाबादसारख्या संस्थेची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते. बजाजसारख्या विद्यापीठाच्या संस्थेत ती बरीच कमी आहे. खाजगी कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. फीखेरीज ‘डोनेशन’ मागणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे.

समजा, फी ८ लाख आणि दोन वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च ४ लाख. मुलगा आज दरमहा २५,००० मिळवत असेल, तर नोकरी सोडल्यामुळे बुडणारे ६ लाखही याच खात्यावर मांडले पाहिजेत. एकूण झाले १८ लाख. राहण्याचा खर्च टाळण्यासाठी ‘रोज मांडव्याहून ये-जा करील’ असे काही पालक म्हणतात. परंतु पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात, आणि या शिक्षणात संध्याकाळचे गटकामही फार. वसतिगृहाचे पैसे धरूनच चालावे.

कर्जाचे गणितही घरी करून पाहावे. १० लाख रुपये, दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची फेड, म्हणजे दरमहा सुमारे १६,६०० रुपयांचा हप्ता. शिवाय शिकत असतानाच्या काळातले व्याज वेगळे. त्या कॉलेजातल्या मधल्या विद्यार्थ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा हप्ता मोठा होत असेल, तर सौदा महाग पडतो असे समजावे.

आणि आता मुख्य मुद्दा. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळण्याची सोय आहे. नामांकित संस्थांसाठी काही बँका याहून मोठी रक्कमही बिनतारण देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पी. एम. विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळते. राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना शिक्षण शुल्कात सवलत आहे. २०२४ पासून अशा उत्पन्नगटातल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले आहे. ‘मुलीवर इतका खर्च कशाला?’ असे म्हणणाऱ्या आजोबांना ही ओळ अवश्य वाचून दाखवा!

याचा सरळ अर्थ असा, की ज्या संस्थेवर बँक विश्वास ठेवते तिच्यासाठी सहसा वाडी विकावी लागत नाही. आणि ज्या संस्थेसाठी बँक पैसे द्यायला कां-कूं करते, तिच्यासाठी वाडी विकणे शहाणपणाचे नाही.

अर्जांचे पंचांग

आय. आय. एम.साठीची ‘कॅट’ गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरून होतात. ज्यांनी ते भरले नाहीत त्यांनी हळहळत बसू नये. सिंबायोसिसची ‘स्नॅप’ डिसेंबरात, जमशेटपूरच्या एक्स. एल. आर. आय.ची ‘झॅट’ जानेवारीच्या आरंभी असते. त्यांच्या अर्जांच्या तारखा दिवाळीतच पाहून ठेवाव्यात.

राज्यातल्या बहुसंख्य कॉलेजांचा रस्ता मात्र राज्य सी. ई. टी. कक्षाच्या एम. बी. ए. परीक्षेतून जातो. ती साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. गेल्या काही वर्षांचा नमुना असा : १५० मिनिटांत २०० प्रश्न. त्यांतले १०० तर्क व आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. पण तिचा वाटा पाव आहे, हे त्यांनी विसरू नये. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचण्याची सवय आजपासून लावली, तर तोवर तीही निघून जाईल.

निकालात ‘पर्सेंटाइल’ येते. ते टक्के नव्हेत! ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतले सुमारे नव्वद परीक्षार्थी तुमच्या मागे राहिले. हा आकडा हाती आला, की गतवर्षी कोणत्या कॉलेजचा प्रवेश कोठे थांबला याची यादी पाहून पसंतीक्रम भरावा. क्रम लावताना आपल्याला जे कॉलेज खरोखर हवे तेच वर घालावे, शेजाऱ्याला आवडणारे नव्हे.

कागदपत्रांचे काम मात्र आजच हाती घ्या. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, आगरी, कोळी, भंडारी, माळी अशा समाजांतील मुलांसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि मुदतीतले नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र, यांतला एखादा कागद वेळेवर न आल्याने हाती आलेली जागा जाते. तहसील कचेरीतली रांग जूनमध्ये लांबलचक असते, डिसेंबरात आखूड.

मुलाखतीत काय सांगावे?

आय. आय. एम. आणि काही स्वायत्त संस्था परीक्षेनंतर मुलाखत घेतात. दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही जमेस धरतात. तेथे आपल्या मुलांची पंचाईत होते. मुंबईची मुले सफाईने बोलतात आणि आपला मुलगा घरचा धंदा सांगायला लाजतो. वास्तविक त्याच्याजवळ सांगण्यासारखे किती तरी असते! बंदरात होडी लागल्यावर माल तासाभरात का विकावा लागतो, बर्फ आणि डिझेल महागले की नाखवाच्या हाती काय उरते, पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना घर कसे चालते, हे सगळे बाजारभाव, खर्च आणि खेळत्या भांडवलाचेच धडे आहेत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मग त्याच्या नावाखाली दुसराच कांदा रस्त्यावर का विकला जातो आणि ते कसे थांबवावे, यावर पाच मिनिटे विचार करून बोलणारा उमेदवार परीक्षकांच्या लक्षात राहतो. पाठ केलेले ‘मला नेतृत्व करायचे आहे’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी वीसदा ऐकलेले असते.

या सुट्टीत एक काम करा. पाहुणे गेल्यावर मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार ओळी तिच्याच हाताने लिहवून घ्या : कोणते काम करायचे, ते कोणती तीन कॉलेजे शिकवतात, तिथला मधला पगार किती, आणि आपला हप्ता किती. ज्या मुलीला या चार ओळी स्वतः लिहिता आल्या, तिचे व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले असे खुशाल समजा. आणि तो कागद पुरा होईपर्यंत वाडीचा सात-बारा कपाटातच राहू द्या.