लोकवर्गणीतून अल्बम : 'मॅरिलियन' हा बँड आणि त्याच्या श्रोत्यांची चर्चा

प्रस्तावना

कलाकृतीची परिपूर्ती आस्वादकाच्या ठिकाणी होते, हा विचार भारतीय काव्यशास्त्राने 'सहृदय' या संकल्पनेतून मांडला आहे. मात्र या विचारात कलाकृती आधी असते आणि सहृदय नंतर येतो. एखाद्या कलाकृतीचा एकही सूर मुद्रित होण्यापूर्वी आस्वादकाने तिचे मूल्य चुकते केले, तर कलावंत आणि रसिक यांच्या नात्याचे स्वरूप काय होते? पैसे देणारा रसिक कलावंताचे स्वातंत्र्य हिरावून घेतो, की ते जपतो? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात 'मॅरिलियन' या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या उदाहरणाने करावयाचा आहे. आपल्याकडे हा बँड फारसा परिचित नाही. तथापि लोकवर्गणीतून संगीतनिर्मिती करण्याच्या आजच्या प्रथेचा आरंभ शोधू लागल्यास त्याच्यापर्यंत यावेच लागते.

प्रोग्रेसिव्ह रॉक आणि चर्चेची गरज

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये काही बँडनी रॉक संगीताची तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट ओलांडली. दीर्घ रचना, बदलती तालचक्रे, पाश्चात्त्य अभिजात संगीतातून घेतलेली बांधणी आणि संपूर्ण अल्बमभर चालणारे एकच कथासूत्र ही या प्रवाहाची लक्षणे होत. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस हे त्याचे प्रमुख प्रतिनिधी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंक रॉकच्या साध्या, आक्रमक शैलीपुढे हा प्रवाह कालबाह्य ठरविला गेला. मॅरिलियनची स्थापना नेमकी याच प्रतिकूल काळात, १९७९ मध्ये, इंग्लंडमधील एल्झबरी या गावी झाली.

असे संगीत पहिल्या श्रवणात हाती लागत नाही. पंधरा मिनिटांच्या रचनेतील एखादे स्वरवाक्य पुढे कोठे आणि कोणत्या रूपात परत येते, हे अनेकदा ऐकल्यावरच उमगते. जे एकाच्या लक्षात आले नाही, ते दुसरा दाखवून देतो. म्हणून या प्रकारात नव्या अल्बमविषयीची श्रोत्यांची चर्चा ही केवळ हौस न राहता आस्वादप्रक्रियेचाच एक टप्पा बनते.

१९९४ चा 'ब्रेव्ह' हा अल्बम याचे चांगले उदाहरण आहे. सेव्हर्न नदीवरील पुलावर सापडलेली आणि स्वतःची ओळख सांगण्यास नकार देणारी एक मुलगी, ही त्यामागील वास्तव घटना. तिच्या भूतकाळाची कल्पना करून सत्तर मिनिटांची ही रचना सिद्ध झाली. तिच्या एलपी तबकडीच्या शेवटच्या बाजूवर दोन समांतर खोबणी कोरल्या होत्या. सुई ज्या खोबणीत पडेल त्यानुसार शेवट आशादायी किंवा शोकात्म होई. शेवटाचा अर्थ येथे कलावंतांनीच जाणीवपूर्वक श्रोत्यांच्या चर्चेसाठी मोकळा ठेवला होता.

मतभेदाची परंपरा

मॅरिलियनच्या श्रोत्यांमध्ये एक मूलभूत मतभेद आहे. १९८५ चा 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हा बँडचा गायक व गीतकार फिश होता. १९८८ मध्ये तो बाहेर पडला आणि १९८९ पासून स्टीव्ह होगार्थ गाऊ लागला. फिशची नाट्यमय, शब्दबहुल शैली मागे पडून अधिक अंतर्मुख संगीत पुढे आले. तेव्हापासून प्रत्येक नव्या अल्बमबरोबर हा जुना वाद नव्याने उभा राहतो. जुने श्रोते पूर्वीचे वैभव शोधतात, तर नंतर आलेल्यांना ती तुलनाच अप्रस्तुत वाटते.

चर्चेचा दुसरा विषय ध्वनिमुद्रणाचा. १९९८ च्या 'रेडिएशन' या अल्बमच्या ध्वनिमिश्रणावर बरीच टीका झाली होती. पुढे २०१३ मध्ये त्याचे नव्याने मिश्रण करून तो पुन्हा प्रकाशित करण्यात आला. तात्पर्य, हा श्रोतृवर्ग केवळ स्तुतिपाठकांचा नाही. पुढील घटनाक्रम समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चर्चेतून आश्रयाकडे

१९९५ मध्ये ईएमआय या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला बँडचा संबंध संपला. त्यानंतरचे तीन अल्बम एका लहान कंपनीने काढले. १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा करणे बँडला परवडणारे नव्हते. ही अडचण कीबोर्डवादक मार्क केली यांच्याकडून कळताच, ई-मेलद्वारे परस्परांशी जोडलेल्या चाहत्यांनी स्वतःहून सुमारे ६० हजार डॉलरची वर्गणी जमविली आणि दौरा घडवून आणला. ही कल्पना बँडची नव्हती, चाहत्यांची होती. जी माणसे आजवर एखाद्या रचनेच्या अर्थावर वाद घालीत होती, तीच एकत्र येऊन आश्रयदाते झाली. चर्चेतून निर्माण झालेला परस्परविश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

या अनुभवातून बँडने पुढचे पाऊल टाकले. नव्या अल्बमसाठी कंपनीकडून आगाऊ रक्कम घेण्याऐवजी, अल्बम तयार होण्यापूर्वीच तो विकत घ्याल काय, असे चाहत्यांना विचारण्यात आले. १२ हजारांहून अधिक जणांनी आगाऊ पैसे भरले आणि २००१ मध्ये 'अनोरॅकनोफोबिया' प्रसिद्ध झाला. वितरण ईएमआयकडे आले, परंतु निर्मितीचा खर्च श्रोत्यांनी उचलल्याने हक्क बँडकडेच राहिले. इंडिगोगो २००८ मध्ये आणि किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झाले, हे पाहता या प्रयोगाचे अग्रेसरत्व स्पष्ट होते.

मराठी वाचकाला या पद्धतीचे नवल वाटण्याचे कारण नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ग्रंथाची प्रत नोंदविणे आपल्याकडे रुळलेले आहे. फरक इतकाच की, अशा ग्रंथाचे हस्तलिखित बहुधा सिद्ध असते, येथे मात्र गाणी रचली जाण्याच्या अवस्थेत होती.

अल्बमचे शीर्षकही बोलके आहे. 'अनोरॅक' हा इंग्लंडमध्ये एखाद्या छंदात बुडालेल्या माणसासाठी वापरला जाणारा थट्टेचा शब्द. बँडने ती थट्टा आपल्या श्रोत्यांसह स्वतःवर ओढवून घेतली. त्याच वेळी समीक्षकांना असे आव्हान देण्यात आले की, 'प्रोग्रेसिव्ह रॉक', 'जेनेसिस', 'फिश' यांसारखे ठरावीक शब्द टाळून या अल्बमविषयी लिहून दाखवावे. संगीताविषयी बोलताना पूर्वग्रहांची भाषा कशी आड येते, याचे हे मार्मिक भाष्य होते.

स्वातंत्र्य की बंधन?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आगाऊ पैसे देणाऱ्या हजारो श्रोत्यांना खूश करण्यासाठी बँडने जुन्या शैलीकडे परतावे, अशी अपेक्षा स्वाभाविक ठरली असती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. 'अनोरॅकनोफोबिया'मध्ये १९८० च्या दशकातील ध्वनीची पुनरावृत्ती नाही. २००४ च्या 'मार्बल्स'साठी पुन्हा आगाऊ नोंदणी झाली व नोंदणी करणाऱ्यांची नावे विशेष आवृत्तीत छापली गेली. जवळपास अठरा मिनिटांची 'ओशन क्लाउड' ही रचना दोन तबकड्यांच्या आवृत्तीतच होती. एखाद्या व्यापारी कंपनीने अशा लांबीचा आग्रह कितपत मानला असता, हा प्रश्नच आहे. याच अल्बममधील 'यू आर गॉन' हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत सातव्या क्रमांकावर गेले. २०२२ चा 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

याचे कारण देवघेवीच्या स्वरूपात आहे, असे म्हणता येईल. श्रोत्याने पैसे दिले ते निर्मिती शक्य व्हावी म्हणून. विशिष्ट फळाचा करार त्यात नव्हता. त्यामुळे कलावंत रचनेस मोकळा राहिला आणि श्रोताही नापसंती व्यक्त करण्यास मोकळा राहिला. अल्बम आवडला नाही, असे सांगणारा श्रोता पुढच्या अल्बमसाठी पुन्हा नाव नोंदवू शकतो. यात विसंगती नाही, कारण त्याचा विश्वास एका कृतीवर नसून कलावंताच्या वाटचालीवर असतो.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. विश्वासाच्या मध्ये तिसरी संस्था आली की धोका संभवतो. 'प्लेजम्युझिक' या मध्यस्थ कंपनीमार्फत मॅरिलियनने २०१६ च्या 'एफ. ई. ए. आर.' या अल्बमची आगाऊ नोंदणी केली होती. २०१९ मध्ये ती कंपनी बुडाली आणि इतर अनेक कलावंतांचे, श्रोत्यांनी भरलेले पैसे अडकले. शिवाय हा मार्ग मुख्यतः ज्यांचा श्रोतृवर्ग आधीच तयार आहे, त्यांना उपलब्ध असतो. मॅरिलियनचा श्रोतृवर्ग मोठ्या कंपनीच्या जाहिरातबळावर १९८० च्या दशकात उभा राहिला होता. नवोदित बँडजवळ ही पूर्वपुण्याई नसते.

समारोप

मॅरिलियनच्या उदाहरणावरून असे दिसते की, अल्पसंख्य रसिकांच्या कलेला टिकवून धरणारी शक्ती केवळ पैशात नसते. पैसा १९९७ मध्ये आला, परंतु त्यापूर्वी अनेक वर्षे श्रोते एकमेकांशी वाद घालीत होते, एकमेकांना ऐकावयास शिकवीत होते. वर्गणी हे त्या संवादाचे फलित होय. ज्या कलाप्रकारांना बाजारपेठेचे पाठबळ नाही, त्यांच्या संवर्धनाचा विचार करताना अनुदान आणि प्रायोजक यांच्या बरोबरीने, मतभेद पचवू शकणारा जाणकार श्रोतृवर्ग कसा घडेल, याचाही विचार व्हावयास हवा. सहृदयाने आधी मोल दिले म्हणून तो मालक होत नाही. मात्र कलाकृती जन्माला येण्यापूर्वीच तो तिच्याशी बांधला जातो, आणि तिचे परखड मूल्यमापन करण्याची त्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.